राजाच्या मुलींचे कोट

धाकट्या भावाचं लग्न ठरल्याचा फोन आला आणि मी आधी कपाटातून पासपोर्ट काढून बघितला. आनंद नंतर झाला. माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूत राहून नोकरी करायला तो लागत नाही, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की भारतात मुलाखत देऊन नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. कुणाला तो आठवड्यात मिळतो, कुणाचा पासपोर्ट महिनोन् महिने अडकतो. का, ते कुणी सांगत नाही.

नवरा शांत माणूस. "एवढे लोक स्टॅम्पिंग करून येतात यार, तूच काय स्पेशल?" म्हणाला. मला त्याच्या त्या शांतपणाचाच राग आला. तो लेकीची शाळा सांभाळत इथेच थांबणार होता. जायचं मला एकटीला होतं.

त्याच आठवड्यात सातवीतल्या लेकीला इतिहासाचा प्रोजेक्ट मिळाला. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हिच्या वाट्याला चौदाव्या शतकातला मॉस्कोचा एक राजा आला. मला रशियाचा एकही राजा माहीत नव्हता. तिला मदत करायला म्हणून बसले आणि मीच त्यात गुंतले. हा राजा नुसत्या आपल्या जोरावर राजा नव्हताच. गादी टिकवायची तर दूर व्होल्गाकाठी तातार खानाच्या दरबारी जाऊन त्याचा परवाना आणायचा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नजराणे द्यायचे, खानाची मर्जी सांभाळायची आणि ताटकळत बसायचं. याच्या थोरल्या भावाचा तिथेच खून झाला होता. तरी हा जात राहिला, परत येत राहिला, मॉस्कोत दगडी चर्च बांधत राहिला.

"आई, ही वॉज गोइंग फॉर स्टॅम्पिंग!" लेक म्हणाली. मी खो खो हसले. मग मात्र मला जेवण गेलं नाही.

खानाकडे निघण्याआधी राजाने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. तेव्हा तो ठणठणीत होता, पण न जाणो. मुलांना गावं, सोन्याच्या साखळ्या आणि कमरपट्टे वाटले होते. आणि नुकतेच करवून घेतलेले, मोती लावलेले दोन फरचे कोट धाकट्या मुलींना. ते वाक्य लेकीने दोनदा वाचलं.

आमच्यातही स्टॅम्पिंगला जाणारा माणूस यादी करतो. तिला मृत्युपत्र कुणी म्हणत नाही. मीही केली आणि फ्रिजवर लावली. गाडीचं सर्व्हिसिंग कधी, डेंटिस्टचा नंबर काय, घराची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्याखाली लेकीचे पिकअप: बुधवारी पियानो, शुक्रवारी स्विमिंग. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दूध घ्यायला आलेली लेक यादीपुढे उभी राहिली.

"मी इथे फक्त पिकअपमध्ये आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्याने गर्ल्सना कोट दिले. तू मला काय दिलंस?"

"मी काय मरायला चाललेय?" मी ओरडले. घरभर ऐकू गेलं.

ती जराही हलली नाही. "ही वॉजन्ट आयदर," म्हणाली.

मला खूप लाज वाटली. मी पेन घेतलं आणि यादीच्या तळाशी लिहिलं: माझं लाल जॅकेट, लेकीला. पावसाचं ते जॅकेट तिला दोन वर्षांपासून हवं होतं. तिने वाचलं, मान डोलावली आणि दूध न घेताच गेली.

लग्न छान झालं. मुलाखत तीन मिनिटांत आटोपली आणि पासपोर्ट तपासणीसाठी ठेवून घेतला. पुढचे सात आठवडे मी नागपूरला आईच्या घरी होते. दर तासाला फोनवर स्टेटस बघायचं, आईवर विनाकारण खेकसायचं आणि मग तिची माफी मागायची. आई म्हणे, जरा बस गं एका जागी. मला बसवत नव्हतं.

रोज लेकीला व्हिडिओ कॉल करायचे.

"पाऊस आहे ना तिकडे? जॅकेट घालतेस ना?"

"आय हॅव माय ओन."

दर वेळी हेच उत्तर. मनात आलं, मागून घेतलं आणि मिळाल्यावर किंमत राहिली नाही. या वयाच्या मुली अशाच. मला चांगलंच लागलं होतं.

शेवटी शिक्का मिळाला. एअरपोर्टवरून घरी आले तेव्हा दाराशेजारच्या हुकवर लाल जॅकेट होतं, मी टांगून गेले होते तसंच. खिशात हात घातला तर माझीच जुनी ग्रोसरीची पावती निघाली.

"एकदाही घातलं नाहीस?" मी जरा तिरसटपणेच विचारलं.

लेक माझी बॅग आत ओढत होती. ती थांबली.

"घातलं असतं तर ते माझं झालं असतं," ती म्हणाली. "मग तू कशाला आली असतीस?"