चपलांची ओढाताण आणि अँटीऑक्सिडंट आजी

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा त्यांनी तीन दिवस आरशासमोर सराव केला. विषय होता अँटीऑक्सिडंट.

मंदिराच्या सभागृहात ते छान बोलले. शरीरात फ्री रॅडिकल नावाचे कण तयार होतात, त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. तो ते शेजाऱ्याकडून हिसकावतात, मग शेजारी तिसऱ्याचा ओढतो, आणि या ओढाताणीत पेशी जायबंदी होतात. अँटीऑक्सिडंट मात्र स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि तरी शांत राहतो. “गोळ्यांच्या मागे लागू नका. आवळा, पालेभाजी, फळं खा.”

बाहेर आलो तर चपलांचा एक जोड गायब. ज्यांचा होता त्या काकांनी चिडून शेजारचा जोड पायात घातला. त्याच्या मालकाने तिसऱ्याचा ओढला. पाच मिनिटांत पायरीवर सगळे एकमेकांच्या पायांकडे बोट दाखवून ओरडत होते. वडील आनंदाने टाळ्या पिटायला लागले. “बघा, बघा! पेशीत हेच होतं!” मी त्यांचा सदरा धरून मागे ओढत होते.

तेवढ्यात मूळच्या दुधनीकडच्या, आता कॉलनीत राहणाऱ्या एक आजी पुढे आल्या. व्याख्यानभर त्या पहिल्या रांगेत झोपल्या होत्या. त्यांनी आपल्या चपला काढल्या. “घ्या माज्या. माजं घर हितंच हाय की.” शेवटी अनवाणी उरलेल्या धिप्पाड गृहस्थांनी त्या बायकी चपला निमूट घातल्या. भांडण मिटलं.

वडिलांनी धावत जाऊन हात जोडले. “आजी, तुम्ही खऱ्या अँटीऑक्सिडंट!”

आजींचा चेहरा उतरला. त्या अनवाणीच घराकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दारात. “सर, आईला नेमकं काय झालंय? जेवतच नाही. दवाखान्यातही नेऊन आणलं.”

वडील ओशाळले. आम्ही लगेच त्यांच्या घरी गेलो. “आजी, तो रोग नाही. दुसऱ्याचं नुकसान थांबावं म्हणून जो आपलं देतो, त्याला तसं म्हणतात.”

“मग तसं सांगायचं की, मास्तर! मी लई भ्याले.”

मुलाने दाखवलेल्या दवाखान्याच्या केसपेपरवर तक्रारीच्या जागी ‘भूक नाही, अँटीऑक्सिडंट’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. आजींनी तो कागद माझ्याकडून घेतला, नीट घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवला.