गाव सोडणाऱ्यांची गाणी

मनमाडला गाडी बदलून परभणीला उतरलो तेव्हा माझ्या पाहुण्या ओल्हाबाई फलाटावरच उद्गारल्या, "किती सुंदर!" समोर सरकीची पोती होती आणि त्यांवर एक कुत्रे झोपले होते.

बाई कॅनडाच्या. आजी-आजोबा युक्रेनमधले, अल्पभूधारक. बोटीत बसून कॅनडाच्या माळरानावर गेलेले. अशा परागंदा शेतकऱ्यांचा इतिहास हा बाईंचा अभ्यास. आता त्यांना 'जिवंत शेतकरी समाज' पाहायचा होता, म्हणून पुण्याच्या आमच्या कॉलेजाने मला दुभाषी करून सोबत धाडले. शेतकरी समाज जिवंत आहे हे पाहायला एवढा समुद्र ओलांडावा लागतो, याचेच मला हसू येत होते.

जिंतूरच्या रस्त्याने जीप निघाली. बोरीला चाक पंक्चर झाले. तेवढ्या वेळात बाई शेतात उतरल्या आणि मूठभर माती उचलून डोळे ओले करून बसल्या. "आजोबांच्या गावची माती अशीच काळी होती." मी म्हणाले, "पावसाळ्यात या. चप्पल ठेवून घेते ही माती."

पुढच्या एका गावात आमचे यजमान होते. त्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. कडक इस्त्रीचे धोतर नेसलेल्या पाटलांनी शाळेतली पोरे हार घेऊन उन्हात उभी केली होती. "आमचं गाव म्हंजे एक कुटुंब हाय, मॅडम. लिव्हून घ्या." मग मळ्यात आगटी (शेणी पेटवलेला खड्डा) फुलवून ज्वारीची कोवळी कणसे भाजली. गरम हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी. खाणे उत्तम होते, ते कबूल करते. पाटलांचे बोलणे मात्र संपता संपत नव्हते.

बाईंनी आजोबांची हकीगत सांगितली. जमीन भावाभावांत वाटली जाऊन पट्ट्यापट्ट्यांची झाली होती. सरपणाला रानात शिरले तरी पान (तिकडचा जमीनदार) दंड करायचा. मेंढीच्या कातड्याचे कोट घालून माणसे निघाली. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोपट्यात काढला. मग घरे बांधली, गावातल्यासारखेच घुमटाचे चर्च बांधले. गावाकडची गाणी त्यांची नातवंडे अजून म्हणतात.

"बघा, गावाची ओढ!" पाटील खूश झाले.

"तुमच्या गावातून कोण गेलं?" बाईंनी विचारले.

"कोनी न्हाई. सगळे सुखात हायेत."

बाईंनी ओढ्यापलीकडे बोट दाखवले. तिथे घरांची जोती होती, त्यांत वेड्या बाभळी माजलेल्या. एका पडक्या भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा शाबूत होता.

"तो गुरांचा गोठा व्हता."

गुरे कोनाड्यात दिवा लावत असावीत. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमचे लोक गेल्यावर पानसुद्धा खोटंच सांगायचा. आळशी होते, दलालांनी फितवले, असं."

हे गाळून पुढे जाणे मला सोपे होते. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला, तोही मोठ्याने. पाटलांनी हातातले कणीस आगटीत फेकले. "तुमी पावने हाव. पावन्यावानी ऱ्हावा."

निरोपाचे कुंकू लावताना पाटलीणबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "परभनीत रुळाच्या कडंला हायेत ते. गयाबाई म्हनून इचारा. माझी तिन्ही बाळंतपनं तिनंच केली."

दुसऱ्या दिवशी गयाबाई सापडल्या. पत्र्याच्या खोलीपुढे चूल सारवत होत्या. त्यांनी हात धुऊन आम्हाला पोते अंथरले. "विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा झाला ना, तवा पेटवली आमची घरं. मालकानं लेकरू उचललं, मी शेळी सोडली. वळखीचीच मानसं व्हती सगळी. नावानं हाका मारू मारू पेटवायलते."

बाईंनी ध्वनिमुद्रक पुढे केला. "गावाकडची कोणती गाणी म्हणता तुम्ही?"

भाषांतर करताना मी कानकोंडी झाले. गयाबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे. "ह्यांच्या आज्याचं घर कुनी जाळलं व्हतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते आपण होऊन गेले."

"मग म्हनू द्या त्यास्नी गानी."

बाईंनी ध्वनिमुद्रक बंद केला. गयाबाईंनी दिलेला गुळाचा चहा संपवून त्यांनी दोन्ही हात जोडले.

परतीच्या गाडीत त्यांनी ध्वनिमुद्रक पिशवीच्या तळाशी ठेवला. मग म्हणाल्या, "सगळं जाणं एकसारखंच असतं, असं मी शिकवत आले." माणसाने गाव सोडणे वेगळे आणि गावाने माणसाला हाकलणे वेगळे. बाईंना ते निदान परभणीत तरी उमगले. आमच्या स्टाफरूममध्ये मी गयाबाईंची हकीगत अथपासून इतिपर्यंत सांगितली. मंडळींनी चहा संपेपर्यंत ऐकली आणि मग विचारले, "बाकी तिकडचा हुरडा कसा असतो हो?"