शेवग्यावरची चाळणी

पहिली मुनिया माझ्या डोळ्यांदेखत मेली, तेव्हा माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावरच होतं.

आमचं घर जानेफळला. दोघा भावांच्या वाटणीत मधे भिंत घालून एका घराची दोन झाली, पण मागचं अंगण एकच राहिलं. अर्धं माझं, अर्धं माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. माझ्या बाजूला शेवग्याचं झाड, त्यांच्या बाजूला कपडे धुण्याचा दगड आणि कोंबड्यांचं खुराडं. मी गावातल्याच शाळेत शिकवते. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेली. मी एक कड मोडलेली पिठाची चाळणी तारेनं शेवग्याला टांगली, तीत बाजरी टाकली, न्हाणीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि त्याच्या फटीतून कॅमेरा काढून पाटावर बसू लागले.

आधी चिमण्या आल्या, मग त्यांच्याहून लहान मुनिया थव्यानं येऊ लागल्या. फोटोत हे सगळं फार गोड दिसतं. पण भिंगातून रोज पाहिलं की कळतं, तिथे सारखी मारामारी चालू असते. मूठभर दाण्यांसाठी चिमणा दुसऱ्या चिमण्याच्या डोळ्याजवळ चोच मारून रक्त काढतो. एक दयाळ होता. सकाळी शेवग्याच्या शेंड्यावर बसून इतकं सुरेल गायचा की मी चहा गाळायचं थांबायचे. गाणं संपलं की तोच दयाळ न्हाणीच्या खिडकीवर यायचा आणि काचेत दिसणाऱ्या स्वतःवरच तुटून पडायचा. काचेवर रक्ताचे ठिपके उठायचे. मी पुसायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचे.

मग एक दिवस शिकरा आला, ससाण्यासारखा छोटा शिकारी पक्षी. आला तो वरून नाही, भिंतीच्या कडेनं, अगदी खालून. थवा फुटला आणि एक मुनिया त्याच्या पायात राहिली. तो तिला भिंतीवर घेऊन बसला आणि पिसं उपटू लागला. ती जिवंत होती. चोच उघडत होती, मिटत होती. मी फोटो काढत राहिले.

संध्याकाळी ते फोटो जाऊबाईंना दाखवले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि लगेच परत दिला.

"जित्ती हाय वं ते! अन् तू फोटो काढून राह्यली?"

"मंग काय करू बाई? डोया लवेपर्यंत त्यानं नेली."

"बोंब तं मारली असती."

शिकऱ्याला अंगण ठाऊक झालं. तो रोज यायला लागला. तेव्हाच जाऊबाईंच्या गावरान कोंबडीनं पिल्लं काढली होती. मुनियांपेक्षा पिल्लू उचलणं सोपं, हे त्याला लवकरच कळलं. पहिलं पिल्लू गेलं तेव्हा जाऊबाईंनी उरलेली मोजून खुराड्यात कोंडली. दुसरं गेलं तेव्हा तरातरा माझ्या दारात आल्या.

"तुह्या दाण्यानं आणला त्याले. काढ ते चाळणी."

"झाड माह्या वाटणीत हाय, बाई."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग शेवग्यापाशी गेल्या, चाळणी ओढून तोडली, जमिनीवर टाकली आणि दोन्ही पायांनी तुडवून चपटी केली. मी दुसऱ्या दिवशी तिथेच एक जुनी परात बांधली. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. भिंतीपलीकडे भांडी आपटली की मीही माझी आपटायचे.

त्या रविवारी दुपारी मी पडद्यामागे होते. परातीतून सांडलेले दाणे टिपायला कोंबडी उरलेली पिल्लं घेऊन झाडाखाली आली होती. शिकरा पिल्लावर आला आणि कोंबडी त्याच्या अंगावर उडाली. दोघं धुळीत लोळत गेली. कोंबडी असा आवाज काढत होती की तो कोंबडीचा वाटेना. शिकऱ्याची नखं तिच्या मानेत शिरली होती. मी पडदा ओढून धावले आणि त्याला मागून पंखांसकट धरलं. तो गर्रकन वळला, तिला सोडलं आणि माझा उजवा तळवा पकडला. अंगठ्याखालच्या मांसात एक नख इकडून तिकडे गेलं.

जाऊबाई कपडे धुण्याचं धोपाटणं घेऊन आल्या. पहिला तडाखा माझ्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, कळ नंतर आली. दुसरा तडाखा शिकऱ्याच्या पाठीवर, तिसरा मानेवर. त्याचं डोकं लोंबलं, पण पंजा सुटला नाही. उलट आवळत गेला.

"हालू नको वं. हालू नको."

त्या गुडघ्यावर बसल्या, मेलेल्या पक्ष्याचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक नख माझ्या हातातून उपसून काढलं. रक्त कोपरापर्यंत आलं. पदराचं टोक फाडून त्यांनी तळवा करकचून बांधला. कोंबडी अजून तडफडत होती, मान अर्धी फाटलेली. त्यांनी घरातून विळी आणली आणि तिचं दुखणं संपवलं. मग अंगणात बसून शिकऱ्याला शिव्या देत राहिल्या, तो मेलेला असूनही.

यजमानांनी मला मोटरसायकलवर मेहकरला नेलं. इंजेक्शनं झाली, टाके पडले, मनगटाला प्लास्टर बसलं. दिवेलागणीला परत आलो तेव्हा जाऊबाईंच्या घरातून रश्श्याचा वास येत होता. थोड्या वेळानं त्या ताट घेऊन आल्या. भांडणानंतर पहिल्यांदाच माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. माझा उजवा हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी भाकर मोडली, रश्श्यात बुडवली आणि घास माझ्या तोंडात दिला.

"माह्याच हातानं मोडला तुहा हात," त्या म्हणाल्या.

"तुमी शिकऱ्याले मारत होत्या, बाई."

"नाई." त्यांनी दुसरा घास केला. "पहिला तडाखा तुलेच होता."

मी चावत राहिले. कोंबडी जुनी होती, मांस चिवट होतं. रडू येत होतं, पण तोंडात घास होता.

"मले वाटलंच होतं," शेवटी मी म्हटलं.

"मंग खाय गुमान."

ताट रिकामं होईपर्यंत त्या बसून होत्या. प्लास्टर निघेपर्यंत माझी वेणी त्यांनीच घातली. इतकी ओढून घालायच्या की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मी एकदाही हळू घाला म्हटलं नाही. परात मीच उतरवली. आता बाजरी आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बोरीच्या दाट काट्यांच्या आत टांगते. मुनिया तिथेही येतात. शिकराही येतो, त्याच बांधावरच्या बाभळीवर बसून वाट पाहतो. अंगठा माझा पूर्ण वळत नाही, त्यामुळे कॅमेरा वेगळा धरावा लागतो. बटण मधल्या बोटानं दाबते.