नानांनी पाठवलेली नोटीस

माझ्या वडिलांनी एकदा, एका बाईचं घर जाळणाऱ्या माणसाला रीतसर नोटीस पाठवून बोलावलं होतं.

मोजणीला.

आज सकाळी नाना गेले. मांडवीच्या घरी, झोपेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. भेटायला येणारे सगळे म्हणतायत, "देवमाणूस हो."

देवमाणूस वगैरे काही नाही. महाहट्टी माणूस. मला आज त्या हट्टाबद्दलच लिहायचंय.

नाना मोजणीदार. साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि हद्दीचे दगड पुरायचे, हे त्यांचं काम. हद्दीवरच्या वीतभर दगडी गडग्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत असा आपला मुलूख, त्यामुळे संगमेश्वरपासून पूर्णगडपर्यंत कामाला तोटा नव्हता.

ऐंशीच्या दशकात आफ्रिकेतल्या एका देशात यादवी संपली. देशाचं नाव लिहीत नाही. त्या बाईची ओळख कुठे फुटायला नको, असं नाना शेवटपर्यंत म्हणायचे.

युद्धात पळून गेलेली माणसं परत येत होती आणि त्यांच्या शेतात शेजाऱ्यांची पिकं उभी होती. जमिनीचे कागद जळून गेलेले. एका परदेशी संस्थेने तिथे न्याय आणि मानवी हक्कांचा प्रोग्राम सुरू केला होता. त्यांना मोजणी येणारा, इंग्रजी समजणारा माणूस हवा होता.

ऑफिसात फॉर्म आला तेव्हा बाकीच्यांनी त्यावर भजी ठेवून खाल्ली.

नानांनी तो तेलकट फॉर्म भरून पाठवला.

पन्नाशीचा माणूस पहिल्यांदा विमानात बसला, तोही बॅगेत सुके बोंबील घेऊन. वर्षभरात एका अख्ख्या जिल्ह्याचं काम त्यांच्याकडे आलं. मॅनेजर! आईने ही बातमी आठवडाभर मच्छीबाजारात पुरवून पुरवून सांगितली.

तिथून त्यांनी लिहिलेलं एक लांबलचक पत्र आहे. आज पुन्हा वाचलं.

एक विधवा बाई सात वर्षांनी दोन मुलींना घेऊन परत आली होती. घराची राख झालेली, शेत शेजारी कसत होता. शेत मिळालं तर गावात राहायचं, नाही तर मुलींना घेऊन निर्वासितांच्या छावणीतच.

नानांनी मोजणीची तारीख लावली आणि सवयीने लगतच्या शेतकऱ्याला नोटीस काढली. आपल्याकडे लगतवाल्याला बोलावल्याशिवाय मोजणी होतच नाही.

बाईचं घर जाळणाऱ्यांत हाच शेजारी होता.

हे नानांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि नानांनी विचारलं नव्हतं.

बाईने निरोप पाठवला, तो येणार असेल तर मी येणार नाही. वरचा साहेब भडकला. "तुम्ही तिचा जीव धोक्यात घातलात. त्याला लांब ठेवा, सैनिकांच्या पहाऱ्यात मोजणी उरका."

नाना दुभाष्याला घेऊन छावणीत तिच्याकडे गेले.

"चूक माझी आहे. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात तर नोटीस मागे घेतो."

मग म्हणाले, "पण मी परका. मी आखलेली हद्द मी गेल्यावर तो पुसून टाकेल. त्याने स्वतः चारचौघांत दाखवलेली हद्द त्याला पुसता येणार नाही."

दोन दिवसांनी तिचा निरोप आला. "येऊ दे. पण मी त्याच्याशी बोलणार नाही."

नानांनी उलट निरोप धाडला, "मोजणीत बोलावं लागत नाही. नुसतं चालावं लागतं."

आणि ऑफिसात नियम केला. यापुढे आधी परत आलेल्याला विचारायचं, मगच नोटीस काढायची. स्वतःची चूक सगळ्या स्टाफसमोर सांगून केला.

मी पुढे एकदा विचारलं होतं, "नाना, भीती नाही वाटली?"

"वाटली गो. साखळी धरवेना, दुसऱ्याकडे दिली. साहेबाने तर माझ्याकडे बघणंच सोडलंन."

मोजणीच्या दिवशी अख्खं गाव जमलं. सैनिकांना नानांनी लांब झाडाखाली उभं केलं. शेजारी आला, मान खाली घालून. बाई मुलींचे हात धरून दुसऱ्या टोकाला उभी होती.

तीन कोपरे सापडले. चौथ्या कोपऱ्याची खूण नांगरून गेली होती.

नाना शेजाऱ्याला म्हणाले, "दाखवा."

त्याने लांबच्या सैनिकांकडे पाहिलं. नाना लिहितात, "मला वाटले, आता सगळे मोडते."

मग तो चालायला लागला. स्वतः पेरलेल्या उभ्या मक्यात शिरला. ताटं बाजूला करत आपल्या शेताच्या बाजूला आत आत गेला आणि थांबला.

"इथे."

नानांनी बाईकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

तिने मुलींचे हात सोडले. मक्यातून चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या पायांखालची जमीन बघितली. आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"इतकं आमचं नव्हतं. चार पावलं मागे ये."

तो चार पावलं मागे आला. नानांनी तिथे दगड पुरला.

पत्राच्या शेवटी लिहिलंय, "मी विशेष काही केले नाही. दगड तेवढा सरळ पुरला."

खोटं आहे हे, नाना. साफ खोटं.

मला तुमचा फार अभिमान वाटतो. आपल्या घरात असं तोंडावर सांगायची पद्धत नाही, म्हणून कधी सांगितलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतेय.

नाना, तुमच्या मुलीचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.