चष्मेवाल्याचं शहरदर्शन

शहर दाखवणाऱ्या बसगाड्या ज्या चौकातून सुटतात, तिथेच फुटपाथच्या कडेला एका चष्मेवाल्याची टपरी होती. टपरी कसली, उभं कपाटच. एक स्टूल, एक दिवा आणि बारीक स्क्रूंच्या बावीस डब्या. काड्या बसवणं, निखळलेली काच परत फ्रेममध्ये घालणं, हे काम तो अठरा वर्षं करत होता. त्याच्या जोडीला एक बिनपगारी काम होतं, कुठली बस घ्यायची ते सांगणं.

बस तीन होत्या, लाल, पिवळी आणि निळी. परगावचा कुणी हातात तीन कागद घेऊन घुटमळताना दिसला की चष्मेवाला मान वर न करता म्हणायचा, "लाल घ्या. वरच्या मजल्यावर डावीकडे बसा, नदी दिसते. मुलं असतील तर पिवळी. निळीच्या वाटेला जाऊ नका, तिचा गाइड फार बोलतो."

शहरातले रस्ते जणू यानेच आखलेत, अशा थाटात तो हे सांगायचा आणि लोक मुकाट्याने ऐकायचे. प्रत्यक्षात तो यातल्या एकाही बसमध्ये कधी चढला नव्हता. टपरी बंद ठेवून हिंडणं त्याला सुचलंच नव्हतं.

मग त्याची थोरली बहीण चार दिवसांसाठी आली. एका इस्पितळाच्या धुलाई विभागात एकतीस वर्षं काढून ती नुकतीच निवृत्त झाली होती. आल्या आल्या तिने जेवणाच्या टेबलावर तिन्ही बसचे कागद पसरले आणि पेन्सिल घेऊन बसली.

"बारक्या, लाल बसमधून नदी कुठल्या हाताला येते?"

"डावीकडे."

"या नकाशात तर उजवीकडे दिसतेय."

चष्मेवाल्याने नकाशा सुलटा धरला, उलटा धरला. "नकाशा जुना असेल, ताई."

"नकाशा जुना झाला की नदी कूस बदलते होय रे?" तिने पेन्सिल खाली ठेवली. "खरं सांग, किती वेळा गेलायस तू?"

चष्मेवाल्याला एकाएकी स्वतःचा चष्मा पुसायची निकड भासू लागली. स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोने उत्तर दिलं, "एकदाही नाही, वन्सं."

"म्हणजे अठरा वर्षं लोकांना थापा मारल्यास?"

"थापा कसल्या? फिरून आलेली माणसं जे सांगतात तेच मी पुढे सांगतो."

"आणि निळीचा गाइड फार बोलतो, हे किती जणांनी सांगितलं?"

"एका गृहस्थांनी."

"कधी?"

"झाली असतील बारा वर्षं."

ताई रागावली नाही. "उद्या मी निवडते," एवढंच म्हणाली. "आणि तूही येणार आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही बस रांगेत उभ्या होत्या. ताई ड्रायव्हरला विचारून एकेकीत चढली, सीटचं कव्हर उलटं करून बघितलं आणि वासही घेतला. लालचा निकाल लागला, "वरून साबण, आतून घाम." पिवळीत कव्हराच्या दुमडीत चिकटलेलं चॉकलेट निघालं. निळीत मात्र तिने कव्हरावर हात फिरवला आणि मान डोलावली.

"हे मागच्या बाजूनेही नीट धुतलंय. न दिसणारा भाग जो धुतो, तो ब्रेकही तपासत असणार. चल."

चष्मेवाला खाली मान घालून निळीत चढला. लाल बसचा तिकीटवाला त्याच्याकडे असा बघत होता, जसा काही हा घरच्या कार्यातून उठून शेजारच्या पंगतीला निघालाय.

वर पंधराएक माणसं बसली होती. बस सुटली, पण गाइड काही बोलेना. त्याने गळ्याला गुंडाळलेल्या मफलरकडे बोट दाखवलं. फार बोलणाऱ्या त्या माणसाचा घसा नेमका आज बसला होता.

पहिला पूल आला. "हा कुठला पूल?" ताईने विचारलं.

"नाव नाही माहीत. पण इथे वारा भारी. गेल्या साली एका बाईंना नवरा म्हणाला, वाकून बघ, नदी किती छान आहे. बाई वाकल्या आणि चष्मा गेला नदीत. पुढचं शहर त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पाहिलं, आणि नवरा मुळात अबोल."

मागच्या सीटवरचे लोक हसले. पुढे घड्याळाचा मनोरा आला. "जिना इतका अरुंद, की चढणारा आणि उतरणारा नाकाला नाक लावून भेटतात. आठवड्याला एक तरी काडी इथली." संग्रहालय आलं. "दाराची काच फार स्वच्छ पुसतात. दोन डॉक्टर आणि एक न्यायाधीश थेट जाऊन आपटलेत. न्यायाधीश म्हणाले, चूक दाराची."

गाइड उठला आणि त्याने माइकच चष्मेवाल्याच्या हातात दिला. चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो बोलत राहिला. इमारती कुणी बांधल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. कुठल्या पायरीवर कोण घसरलं आणि कुठल्या बाकावर कोण आपल्याच चष्म्यावर बसलं, हे मात्र त्याला तोंडपाठ होतं. पूल ओलांडल्यावर बाजूने वाहणारी नदी निळीतूनही अख्खा वेळ उजवीकडेच होती. ताईने ते दोनदा, कोपराने ढोसून, त्याच्या लक्षात आणून दिलं.

मग बस चढण चढून टेकडीवर थांबली. खाली सगळं शहर पसरलं होतं, पार बंदरातल्या बोटींपर्यंत.

"इथलं मला काहीच माहीत नाही," चष्मेवाला माइकमध्ये म्हणाला. "इथे कुणाचं काही मोडलेलं नाही."

त्याने माइक मांडीवर ठेवला. आपण इतकी वर्षं यातल्या एका कपाटात बसून होतो, हे त्याला कुठेतरी लागलं आणि त्याच वेळी गंमतही वाटली.

"उद्या लाल," ताई हळूच म्हणाली.

"टपरी?"

"बंद."

चार दिवसांत दोघांनी तिन्ही बस पालथ्या घातल्या. पिवळीत खिडकीच्या जागेवरून लहानपणी भांडायचे तसे भांडले आणि पुढचे दोन थांबे एकमेकांशी बोलले नाहीत. ताई परत निघाली तेव्हा तिचं नाक उन्हाने सोललं होतं. तिला गाडीत बसवून चष्मेवाला चौकात आला, तर टपरीपुढे सात जण मोडके चष्मे डोळ्यांशी धरून ताटकळत उभे होते.