चपला दाराबाहेर नव्हत्या

आधीच सांगतो, मी टेलिफोन खात्यातला माणूस. लाईनमध्ये खरखर आली की लोक देवाचं नाव घेतात, आम्ही सांधा तपासतो. कँटीनमध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच असायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली… हसणाऱ्यांची मला चांगली माहिती आहे!

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षीचा मे महिना. नागपुरात उमरेड रोडच्या बाजूला आमचं लहानसं ऑटोमॅटिक एक्स्चेंज होतं. खाली गेट, वर एकच मोठी स्विच रूम. दुहेरी दारं, खिडक्या कायमच्या बंद, कारण धूळ गेली की स्विच बिघडतात. म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या, हा कायदा. रविवारी दुपारनंतर ड्युटी नसे. चौकीदार शालिकराम वर येऊन फक्त चपला बघायचा. चपला असल्या तर आत कोणीतरी आहे, नसल्या तर बाहेरून कुलूप. हाक मारून उपयोग नव्हता, आतल्या स्विचांच्या खडखडाटात ती ऐकूच जात नसे.

सोमवारी सकाळी सातला माझा खात्याच्या परीक्षेचा पेपर होता… स्विचिंग आणि रूटिंग. दोनदा नापास झालेलो, ही तिसरी आणि शेवटची संधी. घरात वडिलांचा हातमाग दिवसभर खटखट करायचा, वर पत्र्याचं छप्पर. म्हणून साहेबांना विचारून रविवारी स्विच रूममध्ये अभ्यासाला बसलो. तिथे थंड हवेची मशीन होती, माणसांसाठी नव्हे, स्विचांसाठी!

आणि तिथे एक अतिशहाणपणा केला. आदल्याच आठवड्यात माझ्या चपला त्याच दारातून चोरीला गेल्या होत्या. म्हणून नव्या चपला कागदात गुंडाळल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी आत नेली. शालिकराम तेव्हा जेवत होता, त्याने मला येताना पाहिलं नाही.

चारच्या सुमारास थंड हवा बंद पडली. थोडा वेळ थांबलो, मग घरी निघालो, तर दार उघडेना. बाहेरून कुलूप. दारावर हात आपटले, ओरडलो. नागपूरचं ऊन, सगळी दारं-खिडक्या बंद, खाली गेटवर कूलरची घरघर… कोण ऐकणार? कुलूप आता सोमवारी दहाला उघडणार होतं आणि माझा पेपर सातला.

मग स्वतःचंच हसू आलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अडकलेला माणूस म्हणजे विहिरीत बसून तहानलेला! चिमटे लावून कुठल्याही स्विचला जोडता येतो असा तपासणीचा फोन होता. जोडला आणि गेटचा नंबर फिरवला. एका घंटीत उचलला गेला.

"शालिकराम, मी वर अडकलोय. दार उघड!"

"मी शालिकराम नाई गा," पलीकडून एक दमलेला आवाज आला. "मीच अडकून राहिलो. तू उघड ना दार."

चुकीचा नंबर लागला असेल. ठेवला. पुन्हा नंबर फिरवला, या वेळी स्विचकडे बघत. आमच्या त्या जुन्या स्विचांत सगळं डोळ्यांना दिसतं. जेवढा आकडा फिरवाल तेवढ्या पायऱ्या स्विचचा हात वर चढतो, मग गोल फिरून मोकळी लाईन शोधतो. हात बरोबर जागी जाऊन बसला. घंटी वाजली.

"काहून ठेवला गा फोन?" तोच आवाज.

शहरातल्या मोठ्या एक्स्चेंजचा नंबर फिरवला. तोच. साहेबांच्या घरचा फिरवला. तोच! प्रत्येक वेळी स्विच वेगळे, रस्ता वेगळा, आणि शेवटी तोच माणूस. मला घाम फुटला तो गरमीचा नव्हता. खरं सांगतो, मी रडकुंडीला आलो होतो.

"तू आहेस कुठे?" मी विचारलं.

"चारी बाजूनं लोखंडाच्या मांडण्या आहेत, खिडकी नाई. उद्या पेपर आहे माहा. किती वेळ झाला, समजून नाई राहिलं."

"माझाही उद्या पेपर आहे," मी म्हणालो. का कोण जाणे, त्याला सगळं सांगून टाकलं. चपला पिशवीत आहेत, म्हणून कुलूप लागलं, हेसुद्धा.

तो थोडा हसला. "मोठा हुशार आहेस गा! पण फोन ठेवू नको. तू ठेवला का इथं लई शांत होते."

पंधराएक मिनिटं मी रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो. एकीकडे डोक्यात पाठ केलेलं घोळत होतं… कॉल ज्याने लावला, त्याने ठेवल्याशिवाय स्विच सुटत नाही. समोरच्याने कितीही आपटला तरी तो अडकलेलाच. कॉल मी लावला होता. म्हणजे जोवर मी धरून आहे, तोवर आम्ही दोघंही अडकलेले, असं माझ्या तापलेल्या डोक्याने ठरवलं.

"थांब गा… ठेवू नको…"

मी ठेवला. स्विचचा हात खाडकन खाली पडला. त्यानंतर मी फोनला हात लावला नाही, भिंतीला टेकून बसून राहिलो.

पाच-सात मिनिटांत कुलूप वाजलं. दारात शालिकराम, हातात पाण्याचा तांब्या.

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"गेटवर फोन आला ना साहेब. म्हणे वरतं माणूस हाय, चपला पाहू नको, त्याच्या पिशवीत हायेत. मी म्हटलं, तुम्ही कोण? तर म्हणे, माह्य राहू दे, पहिले त्याले काढ."

पेपर दिला, पास झालो. कॉल कोणाच्या हातून सुटतो, हाच प्रश्न आला होता. पुढे जुन्या मंडळींना आडून आडून विचारलं, त्या एक्स्चेंजमध्ये कोणी कधी अडकला नव्हता, कोणी मेला नव्हता. स्विच तपासले, एकातही दोष नव्हता.

पण एक सवय लागली ती लागलीच. समोरच्याने ठेवल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. नातवंडं हसतात, "आबा, ठेवा आता, समोर कोणी नाही." मी म्हणतो, असू दे, जरा ऐकू दे… आणि धरून बसतो.