आण्णाचा पाय आणि कंपनीचे वकील

लेथखालचा चुरा संध्याकाळी कितीबी झाडा, सकाळी पुन्हा तेवढाच. आमच्या लोणंदच्या कारखान्यातल्या गमतींचं तसंच हाय. त्यात लय चुरा पाडला तो सांगलीकडच्या आमच्या आण्णानं!

आण्णाचा डावा पाय ट्रॉलीखाली गेला. दवाखान्यातून त्यानं मेडिकल रजेसाठी फोन लावला. एचआरचे साहेब म्हणाले, "परत नक्की येणार ना?"

"मी येणार साहेब. पाय न्हाई येणार!"

*

नवा पाय बसवून आण्णा गेटवर हजर. साहेबांनी आतच घेतलं न्हाई. "काम उभ्यानं करायचं असतं. तुम्ही अनफिट!"

मला कुठं गप्प बसवतंय? म्हणलं, "आवं साहेब, दोन पायांचे आमी तरी कुठं उभं ऱ्हातोय? स्टुलावर बसूनच लेथ चालवतोय की!"

दुसऱ्या दिवशी सगळी स्टुलं स्टोअरला जमा! पोरं आठवडाभर माझ्याशी बोलली न्हाईत.

*

आण्णानं केस घातली. निकाल लागेपर्यंत घरी बसणं आलं. वहिनींना विचारलं, "कसं चाललंय?"

"रोज डबा भरून घेत्यात आन् अंगणात बसून खात्यात. जेवणाची सुट्टी झाल्याबिगर उघडत न्हाईत!"

वहिनी हसल्या. पण मला चहा द्यायचा विसरल्या.

*

देवीला साकडं घालायला औंधला गेलो. आण्णा दर्शन घेऊन डोंगर उतरायला लागला, तवा मी निम्म्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलेलो. एक मावशी आण्णाला म्हणाल्या, "दादा, ह्या म्हाताऱ्याला धरून न्या जरा. अधू दिसतोय बिचारा!"

आन् त्या गड्यानं मला खरंच काखेत धरून वर न्हेलं!

*

शेवटी साताऱ्याच्या कोर्टात कंपनीचा डॉक्टर साक्षीला उभा राहिला. ह्याची तपासणी म्हणजे मान वर न करता नुसतं "चला, पुढचा!" ठासून म्हणाला, "उजवा पाय कृत्रिम आहे. मी स्वतः तपासलाय. अनफिट!"

जज्जसाहेब आण्णाला म्हणाले, "उजवा पाय दाखवा बघू."

आण्णानं पँट वर केली. केसाळ पोटरी, त्यावर डास बसलेला. आण्णानं चापट हाणली. रक्ताचा ठिपका!

डॉक्टर वाकून बघत म्हणाला, "साहेब, हल्ली किती हुबेहूब बनवतात!"

कंपनीच्या वकिलांनी फाईल मिटली. आण्णाकडं वळून हळूच विचारलं, "आण्णा, सोमवारची पहिली पाळी जमेल?"